दोराचा वाटा

"ही घे गे वैजू, ही बरी!" येसूकाकी म्हणाली आणि म्हशीच्या पाठीवर मारावी तशी थाप तिनं त्या छोट्या पिकअपच्या बॉनेटवर मारली. कणकवलीच्या त्या चकचकीत शोरूममधला टायवाला सेल्समन दचकून मागे सरला.

काकी खरं तर गाडी बघायला आलीच नव्हती. तिला चष्म्याचा नंबर काढायचा होता, आम्ही कणकवलीला चाललो होतो, म्हणून तीही आमच्याबरोबर निघाली. माझ्या नवऱ्याची, सत्यवानची, ती लांबची चुलती. नवरा कधीचाच गेलेला, मुलगी वेंगुर्ल्याला दिलेली, घरात एकटीच. अंगानं एवढीशी, पण आवाज असा की वाडीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला कुत्री उठावीत.

"मॅडम, तुम्हाला नक्की ओढायचंय काय?" सेल्समननं मला विचारलं. सत्यवान नुसता गाड्यांभोवती फिरत होता, टायरांना लाथा मारत होता. बोलायचं काम माझ्याकडे.

"होडी," मी म्हटलं. "ट्रॉलीवर घातलेली होडी. पाण्यातून वाळूवर, आणि वाळूवरून वर माडांपर्यंत. शिवाय रोज मासळी न् बर्फ घेऊन मालवणला जायचं."

"मग हे लक्षात घ्या. वाहणं वेगळं आणि ओढणं वेगळं. मासळी दोन्ही गाड्या वाहतील. पण छोटीला जोर मागच्या दोनच चाकांचा. सुक्या, घट्ट वाळूवर ती होडी ओढेल, मऊ वाळूत मात्र फसेल. मोठीला हा दांडा बघा. हा ओढला की चारी चाकं ओढतात. मग वाळू असो की चिखल."

"मोठी नाकापेक्षा मोती जड होतली," सत्यवान पुटपुटला.

"ता तर!" काकीला तेवढंच हवं होतं. "आणि ही फसली तर आमी आसव ना ढकलूक! दोन चाका हिची, बाकीची आमची. कसा?" ती स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसली. सेल्समनही हसला.

मी नाही हसले. कारण मला नेमकं तेच नको होतं.

आमच्या पाणखोलवाडीत होडी परत आली की ती भरतीच्या रेषेच्या वर ओढून ठेवावी लागायची. होडीच्या नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला, दोर बांधायचा, हाका मारायच्या, आणि वाडीतलं जे कोणी येऊन दोराला हात लावील त्याला त्या दिवशीच्या मासळीतला वाटा. जोर किती लावला, हे कोणी बघत नसे. हात लागला की वाटा पडला. म्हातारे यायचे, ज्यांच्या घरात दर्यावर जाणारं कोणी उरलं नाही त्या बायका यायच्या. जोर आमचे खलाशी लावायचे आणि बाकीचे नुसते दोराला धरून चालायचे. वाटे घालायचं काम, लग्न होऊन आले तेव्हापासून, माझ्याकडे. खोटं कशाला बोलू, मला ते डोळ्यांत खुपायचं. ताजे फडफडीत बांगडे असे उचलून द्यायचे, आणि मग उरलेले घेऊन बाजारात मी घसा फोडायचा!

आणि माझंही अगदीच चुकत होतं असं नाही. आदल्या वर्षी धो धो पावसात हाका मारून आम्ही थकलो, दोराला तिघंच आले. लाटेनं होडी आडवी केली. ती सावरता सावरता सत्यवानची कंबर गेली ती कायमची. त्या तिघांत एक येसूकाकी होती, हेही सांगायला हवं. पण तेव्हा मला आठवत होते ते न आलेले.

"मोठी," मी सेल्समनला म्हटलं. "चार चाकांची."

"बघ हां," काकी म्हणाली. "मोठ्या गाडयेक मोठो रुबाब." आणि तिनं माझ्या पाठीवरही एक थाप मारली.

गाडी वाडीत आली त्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले. चालवणार मीच होते. माहेरी भावाचा टेम्पो होता, त्यावर मी लग्नाआधीच हात साफ केला होता. सत्यवानला होडी येते, गाडी येत नाही. आमच्या घरात ही वाटणी आधीपासूनच ठरलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी आली. मी गाडी मागे घेत घेत पाण्याच्या कडेला नेली, खलाशांनी होडी ट्रॉलीवर चढवली, आकडा अडकवला. दोरावरची माणसं नेहमीप्रमाणे जमली होती. फटूदादा, दोघी-तिघी बायका आणि सगळ्यांच्या पुढे काकी. दोर नेहमी तीच सोडवायची, आणि ओढताना आरोळीही तिचीच असायची. ती "होऽऽ" म्हणाली की माणसांनी "हैसाऽ" म्हणायचं आणि ओढायचं. तिच्या आरोळीशिवाय होडी हलत नाही, असं वाडीत गमतीनं म्हणायचे. काकीला त्यात गंमत वाटत नसे, तिला ते खरंच वाटायचं.

मी दांडा ओढला. गाडीनं एक हिसका दिला आणि होडी घेऊन वाळू चढायला लागली. आपण पायऱ्या चढतो तितक्या सहज. वर माडांखाली पोचून मी ब्रेक लावला आणि खाली उतरले. खलाशी शिट्ट्या मारत होते. सत्यवान कंबरेवर हात ठेवून हसत होता, कितीतरी दिवसांनी.

खाली पाण्याजवळ काकी दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन उभी होती. तिनं आरोळीसाठी उघडलेलं तोंड अजून मिटलं नव्हतं.

मी खुशीत होते. सगळ्यांना हाक मारली, "या, या! आज गाडीचा पहिला दिवस, वाटे घेऊन जा!"

फटूदादानं घेतला. "आज फुकटचो!" म्हणाला आणि डोकं खाजवत गेला. बायकांनीही एकमेकींकडे बघत बघत घेतला. काकी जवळ आली, तिनं दोर नीट गुंडाळून होडीत ठेवला आणि पदराला हात पुसले.

"काकी, धरा. चार बांगडे आहेत."

"कसले?"

"तुमचा वाटा."

"माझो हात खय लागलो?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानदारानं चुकून जास्त माल दिला तर आपण जसं परत करतो, तसं ती म्हणाली. "हात लागल्याशिवाय वाटो खावक नये गे. ती भीक होता."

"काय काकी, तुमचं आपलं काहीतरीच! घ्या की."

"नको, नको. तू बाजारात ने. बरो भाव मिळात." आणि ती चालायला लागली. इतकी वर्षं ती वाळूवरून मासे घेऊन घरी जायची. त्या दिवशी दोन्ही हात कुठे ठेवावेत ते तिला समजत नव्हतं असं मला वाटलं. मी मान फिरवली आणि बर्फाचे तुकडे करायला बसले.

पुढे हळूहळू माणसं यायची बंद झाली. मीही हाका मारल्या नाहीत. बाकीच्या होड्या खाडीच्या धक्क्याला लागायच्या, वाळूवर येणारी आमची एकटीच. दोर होडीत पडून राहिला. बाजारात माझी टोपली भरलेली असायची, आणि मी, देवा शप्पथ, सुखात होते. पण सकाळी गाडी मागे घेताना आरशात ती रिकामी वाळू दिसायची, आणि माझी मान आपोआप दुसरीकडे वळायची.

एका दुपारी मी न राहवून काकीकडे गेले. ती पेज पीत होती. पानात खारातली एक कैरी. काकी आणि मासे नाहीत! जिला एकादशीलाही सुक्या बांगड्याचा वास घेतल्याशिवाय चैन पडत नसे, ती!

"काकी, मासे का नाहीत?"

"कंटाळो इलो."

"माशांचा? तुम्हाला?"

"वय झाला आता. काटे लागतत." आणि तिनं कैरी चोखली.

मला तिथं बसवेना. मी म्हटलं, "काकी, सकाळी येत जा ना. जाळ्यातले मासे काढायला हात कमी पडतात. त्याचा वाटा घ्या."

"खलाशी काय झोपतत?" तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "तेंचा काम मी कित्या घेव? तेंका काय पोरा-बाळा नाय?" मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "वैजू, तू काय वायट वाटून घेव नको. गाडी तुझी बरी आसा. माझ्याच डोळ्यांनी बघितलंय, होडयेक लेकरासारखी उचलून नेता. सत्यवानाची कंबर वाचली. आमका काय, आज आसव, उद्या नाय."

मी घरी आले आणि त्या रात्री सुरमईची तुकडी माझ्या घशाखाली उतरली नाही. लाज वाटली, स्वतःचा रागही आला. आणि मग नेहमी होतं तेच झालं. माझ्या डोक्यात एक युक्ती आली. माझ्या युक्त्यांनी आजवर कुणाचं भलं झालं असेल तर शपथ, पण त्या येताना फार छान वाटतात.

"उद्या गाडी फसणार," मी सत्यवानला सांगितलं.

"कशान?"

"मी फसवणार म्हणून."

त्यानं ताट बाजूला सारलं. "म्हातारेक वाटो द्यायचो तर सरळ दी ना!"

"सरळ घेत नाही ती."

"मग नाटका करून देतलस? चार चाकाची गाडी घेतलस ती फसवूक?"

"तुम्ही फक्त गप्प बसा. खलाशांनाही गप्प बसवा."

तो हात धुवायला उठला. पण रात्रभर कूस बदलत होता, ते मला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी होडी ट्रॉलीवर चढली, आणि मी दांडा न ओढताच गाडी मऊ वाळूत घातली. मागची दोन चाकं गरागरा फिरली, वाळू उडाली, चाकांनी खड्डा केला. मी काचेतून डोकं बाहेर काढून ओरडले, "फसली! फसली गोऽ! काकींना बोलवा!"

काकी पळत आली. पळत, खरंच. नऊवारीचा काष्टा खोचत, चष्मा नाकावर सावरत. मागून फटूदादा, मागून बायका. "म्हटलेलंय ना माका माहीत होता म्हणान!" तिनं येता येताच सुरुवात केली. "मोठो रुबाब! चाका किती? चार! फसली ना? आता हलव ती चारी!" तिनं होडीतला दोर काढला, गाडीच्या पुढच्या आकड्याला बांधला, माणसांना ओळीत लावलं. ती स्वतः दोराला सगळ्यांत पुढे, गाडीजवळ, तोंड माझ्याकडे करून, टाचा वाळूत रोवून उभी राहिली.

"होऽऽ!"

"हैसाऽ!"

मला हे आधी सुचलंच नव्हतं की आम्ही दोघी अशा समोरासमोर येऊ. मध्ये फक्त गाडीची काच. दोर ताणला गेला, मी हलकेच ॲक्सिलरेटर दाबला, आणि गाडी पहिल्याच ओढीला खड्ड्यातून निघायला लागली. इतकी सहज! माझ्या मनात आलं, ही एवढ्या लवकर निघाली तर यांना संशय येईल. काकीला तर नक्कीच. आणि मी ब्रेक दाबला.

गाडी थबकली. ओळीतली माणसं पुढे हेलपाटली.

"नेट लावा मेल्यांनो!" काकी ओरडली. "होऽऽ!"

"हैसाऽ!"

ती ओढत होती. तिच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या, तोंड लालबुंद झालं होतं, चष्मा घसरून ओठांवर आला होता, आणि तो सावरायला तिनं दोर सोडला नाही. ती माझ्याकडेच बघत होती. "घाबरू नको गे वैजू," तिनं मला धीर दिला, "काढतव आमी!" आणि माझा उजवा पाय ब्रेकवर. एक म्हातारी बाई जीव खाऊन ओढतेय आणि मी आतमध्ये गादीवर बसून तिला थोपवून धरतेय. मला रडू आलं. तिला वाटलं मी गाडीसाठी रडतेय.

मी पाय काढला. गाडी सुटली, काकी मागच्या माणसांवर पडली, ती त्यांच्या मागच्यांवर, आणि सगळी वाळूत लोळत हसायला लागली. वर माडांखाली मी वाटे घातले तेव्हा काकीचा हात सगळ्यांत आधी पुढे आला.

"आता दी," ती म्हणाली. "आता हक्काचो." तिचे तळवे दोरानं सोलले होते. त्यावर मी बांगडे ठेवले. मिठाच्या पाण्यानं तिला झोंबलं असणार, पण ती हसत होती.

मग ते नेहमीचं झालं. दोन-तीन दिवस गाडी नीट चालायची, मग एखाद्या दिवशी फसायची. बाजारात मला बायका विचारायच्या, "काय गे, मोठी गाडी घेतलस नि ओढणा नाय?" माझी शोभा व्हायची. होऊ दे म्हटलं, तेवढीच शिक्षा. पण ब्रेक दाबायचा क्षण आला की मी समोर बघत नसे. स्पीडच्या काट्याकडे बघायचे, तो शून्यावर असायचा.

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. वाटा मिळत होता, तरी काकी वाळत चालली होती. गाल बसले, दंडावरची चोळी सैल झाली. दोराला लागली की धाप लागायची. मी विचारलं तर म्हणायची, "पित्त."

आणि एका दुपारी ती आमच्या पडवीत येऊन बसली. हातात नारळ, पानाचा विडा. पाणी दिलं ते तिनं बाजूला ठेवलं.

"वैजू, माझ्याबरोबर रवळनाथाच्या देवळात चल."

"आत्ता? कशाला?"

"तुझी गाडी फसता ना, ती माझ्यामुळे."

मला वाटलं, समजलं हिला. आता ही मला काय बोलायचं ते बोलेल, आणि मी ऐकून घेईन, आणि सुटेन. पण ती जमिनीकडे बघत बोलत राहिली.

"पयल्या दिवशी तुझी गाडी होडयेक घेवन वयर गेली ना, तेवा माझ्या काळजात कसासाच झाला. मी तशीच देवळात गेलंय. गाऱ्हाणा घातलंय. म्हटलंय, देवा म्हाराजा, जी गाडी आमचो दोर खाता, तिचे पाय मोडान टाक. तिका वाळूतच गाड." तिनं डोळे पुसले. "माका काय म्हायत, देव आयकता म्हणान? जलमभर माझा एक गाऱ्हाणा आयकल्यान नाय. घोवाक वाचव म्हटलंय, नाय आयकल्यान. आणि ह्या मात्र आयकल्यान! उशिरा, पण आयकल्यान!"

"काकी, असं काही नसतं..."

"तू गप. माझ्या डोळ्यासमोर फसली ना? पयल्यांदा माका बरा वाटला, खोटा नाय सांगणंय. आरोळी घातलंय, वाटो घेतलंय. आणि घराकडे जावन मासे कापूक घेतले, तेवा तुझा तोंड डोळ्यासमोर इला. गाडयेत बसान रडी होतस ता." तिनं नारळ मांडीवर घेतला. "तेवापासून मी मासे सोडलंय. देवाक सांगलंय, तिची गाडी चालती कर, तवसर तोंडात घालूचंय नाय."

"मग तुम्ही वाटा घेऊन जाता तो?"

"शेजारणीक देतंय. घेतलंय नसता तर तुका संशय इलो असतो."

मी भिंतीला टेकले. एवढे दिवस मी तिला वाटा देत होते आणि ती पेज पीत होती. तशा उपाशी अंगानं ती माझी गाडी ओढत होती, आणि मी ब्रेक दाबत होते.

तोंड उघडलं मी. अगदी उघडलं. 'काकी, गाडी कधीच फसली नव्हती, मीच फसवत होते, तुम्हाला वाटा द्यायला,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग तिचे ते सगळे हक्काचे वाटे भीक झाले असते, आणि तिनं चारचौघांसमोर घातलेली प्रत्येक आरोळी माझी थट्टा झाली असती. मी तोंड मिटलं. हे तिच्यासाठी केलं की माझ्यासाठी, ते मला अजून सांगता येत नाही.

देवळात तिनं नारळ ठेवला. मग वळली आणि मला काही कळायच्या आत माझ्या पायांशी वाकली. सत्तरी ओलांडलेली बाई! मी पाय मागे घेतले, तिचे खांदे धरले, "काकी, काय करताय हे, उठा, मला पाप लावू नका."

"पाप माझा आसा. देवासमोर सांग, वैजू. माफ केलंय म्हणान सांग. तेच्याशिवाय तो सोडूचो नाय."

पुजारी बघत होते. देव बघत होता. मी हात जोडले आणि म्हटलं, "माफ केलं."

"मोठ्यान सांग."

"माफ केलं!"

"व्हय म्हाराजा," काकी म्हणाली आणि तिनं देवापुढे कपाळ टेकलं.

त्या रात्री मी सत्यवानला सगळं सांगितलं.

"आता काय करतलस?" त्यानं विचारलं.

"काय करणार? फसवली तर ती उपाशी मरेल."

"आणि नाय फसवलस तर?"

मी दिवा मालवला. फसली नाही तर वाटा नाही, हे त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर काकी आमच्या आधी येऊन उभी होती. दोर खांद्यावर होता, पण ती ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होती. होडी ट्रॉलीवर चढली. मी गाडीत बसले आणि दांडा ओढला. मऊ वाळू आली तिथं माझा उजवा पाय सवयीनं ब्रेककडे सरकला. तो मी उचलून घेतला. गाडी एकदाही न अडखळता होडी घेऊन माडांपर्यंत चढली.

खाली काकीनं दोर सोडून दिला होता. दोन्ही हात जोडून ती आधी गाडीला नमस्कार करत होती, मग दर्याला, मग देवळाच्या दिशेला. मग ती धावत वर आली आणि तिनं माझे गाल दोन्ही हातांत धरले.

"सुटलंय गे वैजू! सुटलंय! आयकल्यान देवान!" ती रडत होती, हसत होती. "आता तुझी गाडी कधी फसाची नाय. बघ तू!"

"हो काकी."

"आता मासे खातंय. जीव नुसतो वखवखलो आसा." तिनं टोपलीत वाकून बघितलं. बांगडे होते, चांगले जाड. मी झटकन चार उचलून तिच्यापुढे धरले.

"थांब, थांब," ती म्हणाली. तिनं कमरेची गाठ सोडली, आतून घडी घातलेली एक नोट काढली आणि माझ्यापुढे धरली. "आज पयलो गिऱ्हाइक मी. एकच दी. पण बरो बघून दी हां, बाजारातल्यासारखो फसवू नको."

आमच्या होडीच्या मासळीचे पैसे काकीनं जन्मात कधी दिले नव्हते. सत्यवान माझ्याकडे बघत होता. काकी हात पुढे करून उभी होती, तोंडभर हसत.

मी बांगडा तिच्या हातावर ठेवला, आणि पैसे घेतले.